किटलीची धार

भुतं रात्री येतात, असं भुतांच्या गोष्टींच्या या पानावर सगळे लिहितात. ओसाड रस्ता, रडणारी कुत्री, गेलेले दिवे... मी सगळं वाचतो. वाचायला उशिरा शिकलो, त्यामुळे हावरटासारखा वाचतो.

माझ्या बाबतीत मात्र दुपार होती.

लख्ख दुपार. बल्ब चालू, पंखा चालू, रस्त्यावर ऊन.

शपथ घेऊन सांगत नाही. शपथेवर कोण विश्वास ठेवतो? पण ज्या इंजिनावर हे घडलं ते अजून चालतंय. रोज सकाळी माझ्या दारासमोरून निघतं. ज्याला खोटं वाटेल त्याने येऊन बघावं.

माझं छोटं गॅरेज आहे. एक शटर, एक लोखंडी टेबल, भिंतीला नट खोलायचे पाने टांगलेले. मागच्या खोलीत राहतो. हे गॅरेज मी आणि माझी मोठी बहीण, आम्ही दोघांनी चालवलं. ताईचा नवरा लवकर गेला, ती माझ्याकडे आली, आणि माझं लग्न करायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. ती तसंच म्हणायची. "अरे, तुझं लग्न राहूनच गेलं की!" जसं काही बाजारातून मीठ आणायचं राहिलं.

आमचं नाव होतं ते होनिंगच्या कामाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाच्या ज्या नळीत पिस्टन खालीवर पळतो तो सिलेंडर. वर्षानुवर्षं घासून त्याची भिंत काचेसारखी गुळगुळीत होते. मग तिच्यावर तेल टिकत नाही. पिस्टनवर नव्या रिंगा टाकल्या तरी गाडी धूर मारते. ज्याच्याकडे पैसा आहे तो सिलेंडर मोठे करून नवे पिस्टन टाकतो. ज्याच्याकडे नाही तो आमच्याकडे यायचा. ड्रिलच्या टोकाला स्प्रिंगवर बसवलेले घासायचे दगड लावायचे, ते फिरवत फिरवत सिलेंडरमध्ये वरखाली करायचे. भिंतीवर बारीक तिरप्या रेघांची जाळी उठते. त्या जाळीत तेल थांबतं. पिस्टन जुनेच, रिंगा नव्या, गाडी पुन्हा रस्त्यावर.

पण हे काम एकट्याचं नाही.

दोन्ही हात ड्रिलवर लागतात. दगड कोरडे पडले तर भिंत ओरबाडतात, म्हणून सतत तेल सोडावं लागतं. ते ताई सोडायची. जुन्या पत्र्याच्या किटलीत रॉकेल आणि ऑइल मिसळून, बारीक धारेने. माझ्या डाव्या हाताला स्टुलावर बसायची. ड्रायव्हर लोक तिला किटलीताई म्हणायचे. तिला ते आवडायचं, पण तोंडावर दाखवायची नाही.

आणि कधी थांबायचं, तेही तीच ठरवायची.

कानाने.

सुरुवातीला दगड खरखरतात, अडखळतात. भिंतीची काच निघाली की आवाज एकसारखा होतो. तो झाला की थांबायचं. त्यापुढचं घासणं म्हणजे सिलेंडरचं आयुष्य कमी करणं. ड्रिलच्या गोंगाटात बोललेलं मला ऐकू यायचं नाही, म्हणून ती माझ्या पाठीवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकायची.

टक टक.

की मी दगड फिरते ठेवून बाहेर काढायचो. कधी चुकली नाही.

माझे कान तिच्याआधीच गेले होते. आयुष्यभर इंजिनं ऐकली, दुसरं काय होणार! पण फरक पडला नाही. तिचे होते.

मग एका पावसाळ्यात तिला ताप आला. दवाखान्यात नेलं. तिथे तिला मोठी खंत होती की मी जेवलो नसेन. दुसऱ्या दिवशी ती गेली.

त्यानंतर मी होनिंग बंद केलं. प्लग साफ करून दे, ब्रेकची वायर बदल, असली किरकोळ कामं करायचो. किटली वरच्या फळीवर ठेवली होती. तिच्यावर धूळ बसली, तेलकट भांड्यावर बसते तशी, जाड आणि मऊ. पुसायला हात वर गेला नाही.

संध्याकाळी शटर ओढलं की दुसऱ्या दिवशी शटर उघडेपर्यंत माझ्याशी कुणी बोलत नसे. कानाचं मशीन मी काढून ठेवायचो. घरात ऐकण्यासारखं काही नव्हतंच.

अशात बर्फवाला आला.

कारखान्यातून बर्फाच्या लाद्या उचलायच्या आणि मासळी बाजारात पोचवायच्या, हा त्याचा धंदा. जुनी छोटी टेम्पो गाडी. तोंडाने फटकळ, मनाने बरा.

"मिस्त्री, गाडी तेल पितेय."

"पिऊ दे. म्हातारपणी कुणाचं काय सुटतं?"

"चेष्टा नको हो. बर्फाला धुराचा वास लागतोय. मासेवालीने लादी परत केली. म्हणाली, माझे मासे काय रॉकेलात बुडवू?"

"मोठ्या वर्कशॉपला दाखव."

"दाखवली. ते म्हणाले सिलेंडर मोठे करा, पिस्टन नवे टाका. त्यापेक्षा नवरदेवासारखा हार घालून मलाच विका म्हटलं. तुम्ही नुसता हात फिरवून द्या. रिंगा मी आणतो."

"ते काम मी सोडलं."

त्याने माझ्या नजरेमागे फळीवरच्या किटलीकडे बघितलं.  

मग म्हणाला, "ताई गेल्या म्हणून गाड्या झिजायच्या थांबल्या का, मिस्त्री?"

राग आला. पण पाना उचलला.

इंजिन खोललं. ब्लॉक धुऊन टेबलावर घेतला. चार सिलेंडर. मापं घेतली. चारही आधीच इतके झिजलेले की जुन्या पिस्टनला जेमतेम धरतील. काच काढण्यापुरतं घासलं तर ठीक. त्याहून जास्त घासलं, तर पिस्टन आत खडखडणार आणि ब्लॉक भंगारात जाणार.

त्याला स्पष्ट सांगितलं. "बिघडलं तर गाडी गेली समज."

"गाडी गेली तर मी गेलो. घरी सगळे माझ्याच तोंडाकडे बघतात. पण तुमच्याशिवाय कुणाकडे जाऊ? तेल मी ओततो, चला."

त्याने किटलीला हात लावायच्या आधीच मी एक रिकामा डबा त्याच्या हातात दिला. माझ्याकडे पडलेल्या एका भंगार ब्लॉकवर करून बघितलं. त्याने भसकन अर्धा डबा माझ्या मनगटावर रिकामा केला.

"अरे, झाडाला पाणी घालतोयस का?"

"तुम्हीच म्हणालात कोरडं पडू देऊ नका!"

"जा बाबा तू. बर्फ वितळतोय तुझा."

आणि खरंच, बाहेर भाड्याच्या हातगाडीवर पोत्याखाली बर्फ वितळत होता. तो गेला. संध्याकाळी येतो म्हणाला.

मी एकटा उरलो.

एका प्लास्टिकच्या बाटलीला भोक पाडलं. तेल भरून ती तारेने सिलेंडरच्या वर टांगली. थेंब थेंब पडत होतं. म्हटलं, चालून जाईल. कधी थांबायचं ते मनगटाला जाणवेल... जाणवायला हवं.

शटर अर्धं खाली ओढलं. उन्हाने रस्ता रिकामा झाला होता. समोरची दुकानंही मिटली होती.

कानाचं मशीन काढून शर्टाच्या खिशात ठेवलं. ते घालून ड्रिल चालवलं तर डोक्यात किंचाळतं.

मशीन काढलं की जग बंद होतं. पंखा फिरताना दिसतो, आवाज नसतो.

ड्रिल सुरू केलं. पहिला सिलेंडर. वर, खाली. वर, खाली. हातांना मुंग्या. तेवढंच.

आणि मग...

टिंग.

किटलीचं झाकण. ओतताना ते नेहमी हलायचं. झाकणाची कडी सैल होती.

मला ड्रिल ऐकू येत नव्हतं. हातातलं, छातीशी धरलेलं ड्रिल. आणि झाकण ऐकू आलं.

मान वळवली नाही. ड्रिल चालू असताना मान वळवायची नसते. ती सवय हाडात आहे. पण डाव्या बाजूच्या हवेत साबणाचा वास होता. हाताचं काळं काढायचा तो जाडाभरडा साबण. ताई त्याने हात धुऊनच किटली उचलायची.

मी तो साबण आणणं केव्हाच बंद केलं होतं.

वर, खाली. वर, खाली...

टक टक.

पाठीवर. डाव्या खांद्याच्या हाडाखाली.

माझं मन थांबलं. हात थांबले नाहीत. त्यांनी दगड फिरते ठेवून अलगद बाहेर काढले. मग ड्रिल बंद केलं आणि मागे वळलो.

कुणी नाही.

स्टूल रिकामं. शटरखालून उन्हाची पट्टी आत आलेली. तीही रिकामी.

भिंत पुसून बॅटरी मारली. जाळी अशी उठली होती, जशी आमच्या उमेदीच्या काळात उठायची. बारीक, तिरपी, एकसारखी. माप घेतलं. निघायला हवी होती ती फक्त काच निघाली होती.

मग वर बाटलीकडे बघितलं.

बाटली भरलेली होती.

भोकात कचरा अडकला होता. सुरुवातीचे चार थेंब सोडले तर तिच्यातून काहीच पडलं नव्हतं. आणि टेबलाखालच्या ट्रेमध्ये तेल साचलं होतं. भिंतीवरून ओघळलेलं, गडद, दगडांची भुकटी मिसळलेलं.

फळीवर किटली जागच्या जागी होती. धूळ होती तशीच.

फक्त मुठीवर नव्हती. मूठ चार बोटांच्या रुंदीएवढी स्वच्छ होती.

पळून जायला हवं होतं. तुम्ही म्हणाल तसंच. पाय तयारही झाले होते.

पण कुठे जाणार? मागच्या खोलीत?

मी बाटली सोडवली आणि बाजूला ठेवली. रिकाम्या स्टुलाकडे न बघता म्हणालो, "ताई, दुसरा घेतोय."

दुसऱ्यालाही तसंच झालं. झाकण वाजलं, वास आला, दगडाच्या बरोबर वर धार पडत राहिली. धार दिसायची नाही. भिंत ओली होताना दिसायची. योग्य वेळी टक टक.

तिसऱ्या वेळी मी बोलायला लागलो. ड्रिल चालू असतानाच. आम्ही तसंच करायचो. तिला माझं ऐकू यायचं, मला तिचं नाही. ती मान हलवायची. मी सांगितलं की मोरीचा नळ दुरुस्त केला. समोरचा शिंपी मुलीकडे राहायला गेला. मी एकदाच भात लावतो आणि दोन वेळा खातो, रागावू नकोस. तू गेलीस तेव्हा मी बाहेर नर्सला विचारत होतो की तुला काही खायला दिलं तर चालेल का. आत आलो तर...

टक टक.

तिसरा झाला.

उरला एक.

मी हात पुसले. पाणी प्यायलो. दगडांवरची भुकटी ब्रशने काढली, ती आधीच निघालेली होती तरी पुन्हा काढली. उन्हाची पट्टी सरकून टेबलाच्या पायापर्यंत आली होती.

चौथा सुरू केला.

वर, खाली. झाकण वाजलं. वास आला. मी काही बोललो नाही. नुसता हात चालवत राहिलो. डोक्यात एकच होतं. हा संपला की स्टूल पुन्हा रिकामं. तसं ते आताही रिकामंच होतं, हे मला कळत होतं. पण रिकाम्या रिकाम्यात फरक असतो.

टक टक.

मी थांबलो नाही.

"अजून थोडं, ताई."

टक टक. या वेळी जोरात. हाड दुखलं.

"थोडंच."

मग तेल थांबलं.

भिंत बघता बघता कोरडी पडली. दगड अडखळायला लागले, मनगटांना हिसके बसायला लागले. वास गेला. मला समजत होतं की मी बर्फवाल्याची गाडी मारतोय. एकेक फेरीला मारतोय. घरी सगळे त्याच्या तोंडाकडे बघतात, हेही आठवत होतं. हात थांबेनात. मी ओरडत होतो बहुतेक. घशाला जाणवत होतं, कानाला नाही.

आणि ड्रिल मेलं.

बटण माझ्या बोटाखाली दाबलेलंच होतं. वर बल्ब जळत होता. पंखा फिरत होता. वीज गेलेली नव्हती.

मी वायरीवरून नजर नेली. टेबलावरून खाली, जमिनीवरून डावीकडे...

प्लग बोर्डात नव्हता.

तो स्टुलावर होता. वायर आठाच्या आकड्यात गुंडाळलेली, शेवटचं टोक मधून ओवून घट्ट केलेलं. माझ्या ड्रिलपासून सुरू होणारी वायर, अर्धी मोकळी, अर्धी गुंडाळलेली. काम संपलं की ताई वायर अशीच ठेवायची. मला ती घडी कधी जमली नाही. मी नुसतं वेटोळं करतो आणि ती म्हणायची, "साप बांधलायस की वायर?"

बोर्ड माझ्यापासून चार पावलांवर होता. मी टेबल सोडलं नव्हतं.

 दगड चौथ्या सिलेंडरमध्येच होते.

मग मशीन कानात घातलं. पंख्याचा आवाज आला. दुसरा कुठलाच नाही.

चौथ्याचं माप तीनदा घेतलं. जुन्या पिस्टनला जेवढी जागा चालते, तिच्या अगदी काठावर होता. आणखी दोन-चार फेऱ्या, आणि ब्लॉक गेला असता.

बर्फवाला संध्याकाळी आला. मी साबणाच्या पाण्याने सिलेंडर धूत होतो. पांढरं फडकं फिरवायचं आणि ते पांढरंच बाहेर येईपर्यंत धुवायचं, हा ताईचा नियम. फडकं पांढरं आलं होतं, तरी मी धूतच होतो.

"झालं?"

"झालं. चौथा थोडा सैल वाटेल. थंडीत आवाज करेल."

तो घुटमळला. "मिस्त्री, मी मघाशी येऊन गेलो."

"मग हाक का नाही मारलीस?"

"तुम्ही बोलत होता. म्हटलं गिऱ्हाईक असेल." त्याने डोकं खाजवलं. "तुम्ही बोलायचात, मग गप्प व्हायचात... दुसरं माणूस बोलताना आपण गप्प होतो ना, तसं. मग हसायचात. मला दुसरा आवाज काही आला नाही."

मी फडकं पिळत राहिलो.

ड्रिल चालू असताना ताई मान हलवायची, बोलायची नाही, हे मी वर लिहिलंच आहे. आणि मला तर हसल्याचं आठवत नाही.

कुणाचं ऐकून मी हसत होतो?

"कोण होतं हो आत?" त्याने हळूच विचारलं.

"उद्या ये. इंजिन बांधून ठेवतो," मी म्हणालो.

गाडी चालू झाली. धूर गेला, बर्फाचा वास गेला, मासेवाली पुन्हा लाद्या घ्यायला लागली. बर्फवाला बाजारभर माझं नाव सांगत फिरला.

फक्त एक गोष्ट राहिली. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की चौथ्यातून आवाज यायचा.

टक टक.

मग शांत.

"हे तेवढं काढून द्या ना," तो म्हणायचा. मी सांगायचो, पिस्टन सैल आहे, तापला की फुगतो, आवाज जातो. हे खरं आहे. कुठलाही मिस्त्री हेच सांगेल. पण सैल पिस्टन असा दोनदा वाजून थांबत नाही. इंजिन तापेपर्यंत वाजत राहतो. हे मी त्याला सांगितलं नाही.

तो सकाळी कारखान्याकडे निघताना माझ्या दारासमोरच गाडी चालू करायला लागला. मीच सांगितलं होतं, गाडी रात्री इथे लाव म्हणून. मी अंथरुणात मशीन न घालता पडून असायचो. इंजिन ऐकू यायचं नाही.

टक टक मात्र यायचं.

दुपारी मी भंगारातला तो ब्लॉक टेबलावर घ्यायला लागलो. किटली खाली काढली, तेल भरून स्टुलावर ठेवली. मशीन खिशात. ड्रिल सुरू. त्याच्या भिंती घासून घासून कामातून गेल्या. किटलीतलं तेल होतं तेवढंच राहिलं. झाकण एकदाही वाजलं नाही. तरी सकाळची टकटक होती, त्यामुळे दिवस निघायचा.

परवा बर्फवाला लादी पोचवून थेट माझ्याकडे आला. खुशीत होता.

"मिस्त्री, कमाल केलीत! सांगितलंही नाहीत!"

"काय केलं?"

"आवाज गेला की! सकाळपासून गाडी एकदम गप्प आहे. रात्री उघडून बसवलंत ना?"

मी गाडीला हात लावलेला नाही. त्या सकाळी मलाही टकटक आली नव्हती, पण झोप लागली असेल म्हणून मी सोडून दिलं होतं.

काल सकाळी मी मुद्दाम उठून बाहेर गेलो. मशीन घालून इंजिनावर कान टेकला. चौथा सिलेंडर गप्प होता. सैल पिस्टन आपोआप घट्ट होत नाही. पन्नास वर्षांत मी कधी बघितलेला नाही.

मग ती टकटक गेली कुठे?

आता दुपार आहे. शटर अर्धं खाली आहे. मी टेबलाशी बसून हे लिहितोय. ड्रिल भिंतीला टांगलेलं आहे, किटली स्टुलावर आहे. आज सकाळी बघितलं तर तिच्यातलं तेल कमी झालेलं होतं. थोडंच. बोटभर.

भंगार ब्लॉक कोरडा आहे. ट्रेमध्येही काही नाही. मग ते तेल कशावर सोडलं गेलं, ते मला माहीत नाही.

शहाणा माणूस अशा वेळी भिंतीला पाठ टेकून बसेल.

मला भीती वाटते. तरी मी दाराकडे पाठ करून बसलोय. शर्ट घामाने चिकटलाय, मशीन खिशात आहे, आणि पाठ मोकळी ठेवली आहे.